तेलाची जाहिरात

गुलमंडीवरच्या बायंडरकडं परवा खळीचा वास आला आणि निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस आठवले. आम्ही चौघं कॉलेजातली पोरं संध्याकाळी सरांच्या घरी फ्रेंच शिकायला जायचो. सर हैदराबादेत शिकलेले, घरात उर्दू बोलणारे. एका फ्रेंच लेखकाचा उतारा वाचून ते म्हणाले, "जुमला बघा, वाक्य कसं पाण्यासारखं साफ! आणि हाच माणूस लढाईत जर्मनांच्या बाजूनं लिहायचा." मी विचारलं, "मग त्याची तारीफ कशाला, सर?" "तारीफ जुमल्याची, बेटा. माणसाची नाय." मला ते खुपलं. माझे वडील निजामाच्या तुरुंगात राहून आलेले. त्या दिवसांत शहरात जो तो दुसऱ्याकडं, हा तेव्हा कुणाच्या बाजूनं होता, याच नजरेनं बघायचा. सर चहा सांगायला आत गेले, तसं मी ते पुस्तक उचललं. त्याला जुन्या उर्दू वर्तमानपत्राचं कव्हर खळीनं चिकटवलेलं होतं. बाकीचे तिघं नगरकडचे, उर्दू वाचता येणारा मी एकटाच. बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिहिलं होतं रे? सर निजामाच्याच बाजूचे ना?" मी म्हणालो, "आता मी काय बोलू? समजून घ्या." दुसऱ्या दिवसापासून कुणीच गेलं नाही. पुढं ती कुजबुज कॉलेजभर झाली आणि सर हैदराबादला निघून गेले. त्या कव्हरावर केसांच्या तेलाची जाहिरात होती, हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय. वाक्यं साफ उतरलीत, म्हणून माझ्यावर भरवसा ठेवू नका.