चंद्रावतीचा नवरदेव

आपटा गावात चंद्रावती आत्याच्या अंगणात एक टर्की होता. चोचीवर लोंबणारं त्याचं लाल मांस तिला मुंडावळ्यांसारखं वाटलं, म्हणून त्याचं नाव पडलं नवरदेव.

आत्या धवलारीण. लग्नघरी धवले गायला तिला गावोगावचं बोलावणं असे. तांदूळ निवडता निवडता तिने आवाज चढवला, की नवरदेव पिसं फुलवून गुडगुड अशी ओ द्यायचा. डोकं घडीत लाल, घडीत निळं. आम्ही भावंडं हसून लोळायचो. टर्की मूळचा रानातला पक्षी, रात्री झाडावर झोपणारा. आत्याने खुराडं बांधलं, तरी दिवेलागणीला हा धपधप पंख मारत चिंचेवर जाऊन बसायचा.

पुढे हळदीला डीजे आले. आत्याचा गळा तसाच होता, पण ऐकायला अंगणात हाच एक उरला.

गेल्या वर्षी हितेशने, तिच्या मुलाने, शहराकडे रोडपालीला फ्लॅट घेतला आणि आत्याला तिकडे न्यायचं ठरवलं. आत्या निघता निघेना. "माझ्या आवाजाबिगर तो दाना नाय उचलायचा," एवढंच म्हणायची. शेजारची गुणाबाई त्याला सांभाळायला तयार होती, पण आत्याला धीर नव्हता.

शेवटी गुणाबाईच म्हणाली, "मंग मला शिकव ना गो तुजा धवला."

"तुला? तुजा आवाज म्हंजे फुटका डबा."

"डबा तर डबा. नवरदेवाला कुटं कलतंय?"

आत्याने दोन ओळी सांगितल्या. गुणाबाईने चाल पार मोडून टाकली आणि शब्दही भलतेच घातले. नवरदेवाने मान ताणली, पिसं फुलवली आणि जोरात ओ दिली. तेवढ्यात बाहेर टेम्पोने हॉर्न वाजवला. त्यालाही ओ दिली, तशीच.

इतकी वर्षं हॉर्न आत्यानेही ऐकले होते, पण त्याची ओ तिने आपल्यासाठीच धरली होती.

"म्हंजे हा कुनालाबी ओ देतो," ती म्हणाली.

"मंग बरंच हाय की. उपाशी तरी नाय मरनार. जा तू."

दुसऱ्या दिवशी हितेश गाडी घेऊन आला. आत्या मागच्या सीटवर बसली. अंगणात गुणाबाई दाणे टाकत तोच धवला चुकीचा गात होती. आत्याने काच खाली केली, ऐकलं, आणि चूक न सांगताच हितेशला म्हणाली, "चल."