सोसायटीच्या हॉलमधलं आधार शिबिर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मधे मला थांबावं लागणार नाही. या वेळी मी जो घोळ घातलाय ना, त्याच्यापुढे माझे आधीचे सगळे घोळ म्हणजे नुसती रंगीत तालीम होती!

आधी सईबद्दल सांगतो. सई म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी. ती तिसरीत असताना तिच्या आई-बाबांचा घटस्फोट झाला. तेव्हा जिन्यात उभं राहून मी जाहीर करून टाकलं होतं, "या पोरीचं काही खरं नाही. आत्ता कळणार नाही, परिणाम मोठेपणी दिसतात!" आणि एकदा बोलून बसल्यावर लक्ष ठेवणं आलंच की नाही? तेव्हापासून मी परिणामांची वाट बघतोय.

पोरगी गप्प दिसली की मी बायकोला सांगायचो, "बघ, मनाला लागलंय." खळखळून हसली की, "वरवरचं आहे गं सगळं." दहावीला चांगले मार्क पडले, तर "अभ्यासात डोकं खुपसून दुःख विसरते बिचारी." पुढे तिला हिंजवडीत नोकरी लागली. मी म्हटलं, "घरापासून लांब राहायचं निमित्त!"

शुभांगी, म्हणजे आमची ही, भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, धानोरीहून हिंजवडीला रोज जाते आणि रोज परत येते ती. त्या ट्रॅफिकमध्ये जिचं डोकं ठिकाणावर राहतं, तिला आणखी काय व्हायचंय?"

तर ही सई एका संध्याकाळी दारात उभी.

"काका, रविवारी हॉलची किल्ली मिळेल?"

मी कमिटीवर आहे, त्यामुळे किल्ली माझ्याकडे. आणि कमिटीवर म्हटल्यावर चौकशी करायला नको?

"कशाला हवाय हॉल?"

"आमच्या सपोर्ट ग्रुपचं सेशन आहे."

"म्हणजे काय गं?" माझी गाडी बारावीला रुळावरून घसरलेली, तुम्हाला माहीतच आहे.

मग तिनं केवळ माझ्यासाठी मराठीत सांगितलं, "आधारगट हो, काका. लहान मुलांचा. वेळेवर आधार मिळाला की मुलांना पुढे त्रास होत नाही. पण प्लीज, गाजावाजा नको."

आधार! लहान मुलांचा! वेळेवर! पुढे त्रास नाही! आता छातीवर हात ठेवून सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? आमच्या निम्म्या सोसायटीतल्या पोरांच्या हाताचे ठसे आधार कार्डावर नव्यानं द्यायचे राहिलेत. शाळा रोज मागे लागते. आणि इथे ही गुणाची पोर सगळी यंत्रणा थेट हॉलमध्ये आणतेय! इंग्रजीत सांगून गप्प बसली असती, तर पुढचं काहीसुद्धा झालं नसतं हो.

गाजावाजा नको, म्हणजे बाहेरच्यांची गर्दी नको, असा मी अर्थ लावला. म्हणून बाहेर कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'रविवारी सकाळी हॉलमध्ये मुलांचं आधार शिबिर. मूळ कागदपत्रं आणावीत. सौजन्य: दिलीप.' आणि शेजारच्या सोसायटीत माझा साडू राहतो, त्याला कळवलं. आता साडूला बाहेरचा म्हणता येतं का?

रविवारी बघायला हवं होतंत! रांग हॉलच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. मी दारात टेबल टाकून टोकनं वाटतोय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेखभाभी दोन्ही मुलांना घेऊन हजर. "दिलीपभाऊ, फोटो आजच काढणार ना? कालच केस कापून आणलेत दोघांचे." मी म्हटलं, "भाभी, फोटो, ठसे, डोळे, सगळं आजच!"

आमच्या ओवीलाही, म्हणजे माझ्या लेकीलाही, मी रांगेत उभं केलं होतं. रांगेत काही अनोळखी माणसंही होती, पोरांना घेऊन अंग चोरून उभी. मला वाटलं, साडूचे पाहुणे. त्यांनाही टोकनं दिली.

तेवढ्यात एक आजोबा आले. पांढरी टोपी, बोटाला धरून सात-आठ वर्षांची नात. लोणी काळभोरहून दोन बस बदलून आले होते बिचारे.

"हितंच आधारचं हाय नव्हं?"

"इथंच. टोकन घ्या. कागदपत्रं आणलीत?"

"कागद? कागद समदे कोर्टात हायत."

"आधारचे कागद कोर्टात कशाला दिलेत?"

"वकिलानं मागितले."

मी म्हटलं, लोणीची पद्धत वेगळी असेल. "बरं, हिचे आई-वडील कुठेत? दोघांपैकी एक तरी लागतो."

आजोबा खाली बघायला लागले. "त्याचंच तर समदं हाय ना, सायेब."

मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. मग मी आवाज चढवला. माझा चढलेला आवाज टाकीपलीकडे जातो! "आजोबा, व-डी-ल! वडील कुठेत हिचे? वडील नाहीत का हिला?"

सगळ्या माना त्या पोरीकडे. तिनं आजोबांचं बोट ओढलं आणि म्हणाली, "आबा, घरी चला." आणि दोघं फाटकाकडे चालायला लागले की!

त्याच फाटकातून सई आत येत होती. बरोबर मीनलताई, म्हणजे हा गट चालवणाऱ्या बाई. सईनं रांग बघितली, टोकनं बघितली, परत निघालेली ती मुलगी बघितली.

"काका, हे काय आहे?"

"आधार!" मी छाती फुगवून.

"कसला आधार?"

"अगं, आधार कार्ड!"

मीनलताईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. दृश्य तेच होतं.

सईनं मला बाजूला ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, ज्यांचे आई-बाबा वेगळे होतायत ना, त्या मुलांचा गट आहे हा. लहानपणी मी याच गटात होते. कुणाला काही कळणार नाही असा शब्द देऊन बोलावलंय मी त्यांना. आज पहिल्यांदा माझ्यावर सोपवलाय गट. आणि ती मुलगी आत्ता गेली ना, तर परत कुठेच जायची नाही ती. कुणाकडेच."

मी उरलेली टोकनं खिशात कोंबली. म्हटलं, "थांब, मी निस्तरतो. आत्ता जाहीर करतो की आधारवाल्यांनी घरी जा, फक्त घटस्फोटवाल्यांनी..."

"काका! तुम्ही आता काहीही जाहीर करायचं नाही!"

बरोबरच होतं तिचं. सोसायटीची पोरं घरी गेली असती, तर मागे उरली कोण, ते सगळ्यांना बसल्या जागी कळलं असतं. एवढं मला बारावी नापासालाही समजलं. जरा उशिरा समजलं, पण समजलं.

सई बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली आणि आधी फाटकाकडे पळाली. त्या मुलीसमोर उकिडवी बसली. मी पाठोपाठ गेलो. ऐकायला नाही हो, माफी मागायला. पण ऐकू आलं.

"माझेपण बाबा वेगळे राहतात," सई म्हणाली. "आणि या काकांनी मलापण असंच मोठ्यानं विचारलं होतं. सगळ्यांसमोर."

मुलीनं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "मग?"

"मग काय? अजून विचारतात."

पोरगी फिस्सकन हसली. आणि वळली की मागे!

मग सईनं रांगेला सांगितलं, "ठशांचं मशीन आज येणार नाही, दिलीपकाकांचा गैरसमज झाला. पण मुलं आलीच आहेत, तर सगळ्यांनी आत या. चित्रं काढू, खेळू. मोठी माणसं बाहेर!" कटिंग केलेल्या मुलांकडे बघून शेखभाभी मला जे बोलल्या, ते इथे सांगत नाही.

आत पन्नासेक पोरं. कुणाचे आई-बाप एकत्र, कुणाचे वेगळे, ब्रह्मदेवालासुद्धा ओळखता आलं नसतं. हॉलची खिडकी उघडी होती. मीच उघडली होती. आत सईच्या वेळचे दोघं-तिघं आले होते, आता चांगले बापे झालेले. त्यातला एक दाढीवाला सांगत होता, "आई-बाबा भांडले की मला वाटायचं, माझ्यामुळेच. ते तसं नसतं, हे मला इथे येऊन कळलं. आता माझीच बायकोशी भांडणं होतात. पण मुलीला आधी सांगून ठेवतो, हे तुझ्यामुळे नाही हां. मग भांडतो."

नंतर खुर्च्या उचलताना मी सईला विचारलंच, "इतक्या वर्षांनी खरंच काही उपयोग होतो का गं याचा?"

"काका," ती शांतपणे म्हणाली, "नसता झाला, तर आज सकाळी मी तुमच्याशी कशी बोलले असते, विचार करा."

परिणाम! अखेर दिसला!

मी म्हटलं, चला, सुटलो. पण कोपऱ्यात मीनलताई शुभांगीचा हात हातात घेऊन काहीतरी बोलत होत्या, आणि दोघी मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. घरी आल्यावर शुभांगीनं ओवीचं चित्र टेबलावर ठेवलं. 'माझं घर.' घरात आई, आजी, ओवी आणि कुंडीतली तुळस. बाबा? बाबा कागदाच्या पार टोकाला, दुसऱ्याच एका दारात उभे.

मीनलताईंनी ओवीला विचारलं म्हणे, "बाबा इथे कुठे गं?"

"ते शेखकाकूंच्या दारात आहेत."

"रोज?"

"रोज नाही. कधी कधी जोशीकाकूंच्या."

मीनलताईंनी आवाज आणखी मऊ केला. "मग तुझ्याकडे येतात का?"

"येतात ना! जेवायला."

मी ताडकन उठलो. "अगं, मग तू सांगितलं नाहीस त्यांना, आपण एकत्र राहतो म्हणून?"

"त्या म्हणाल्या, 'तुम्ही एकटीनं किती छान सांभाळलंय सगळं.' इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालंच नव्हतं हो," शुभांगी म्हणाली. "मी थँक्यू म्हटलं."

पुढच्या रविवारी लोणीची ती पोरगी आली, आजोबांच्या पुढे पळत आली. मी हॉल उघडला आणि बाजूला झालो. काहीही विचारलं नाही. पाणी हवंय का, एवढंसुद्धा नाही.

आणि आमच्या घरी रीतसर निकाल लागलाय. ताबा आईकडे. मला मुलीला भेटायची वेळ ठरवून दिली आहे: रोज संध्याकाळी सात ते नऊ, स्वतःच्याच घरात, दार आतून लावून. तेव्हा तो दुसरा चहा राहू दे, सात वाजत आले. अपील करावं म्हटलं, तर वरच्या कोर्टात माझी आई बसलीय, आणि ती सुनेच्या बाजूनं आहे!