साहेबांच्या गाडीतली फुंकणी

"अरे, अरे, अरे! ती माझी आहे!"

साहेब ओरडले तेव्हा नळी माझ्या तोंडात होती. अर्धी फुंकर झाली होती. मी तोंड उघडं ठेवून तसाच बसलो, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसा. साहेबांनी टिश्यू काढला. टिश्यूत धरून नळी माझ्या ओठांतून ओढली. काच खाली केली आणि नळी बाहेर फेकली. इथे रस्त्यावर कचरा टाकला तर दंड होतो. तरी फेकली. मग हाताला सॅनिटायझर चोळलं. दोनदा.

"तुझी लाल रबरबँडवाली. किती वेळा सांगायचं?"

"सॉरी सर."

लाल रबरबँडवाली लावून मी पुन्हा फुंकलं. गाडी सुरू झाली.

हे आधी नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही दोघं सनई वाजवायला बसलो होतो.

साहेब कतारमधल्या मेसईदच्या प्लांटमध्ये आमचे मॅनेजर. पुण्याचे. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तरी मी 'तुम्ही' आणि ते 'अरे'. एका सकाळी प्लांटच्या गेटवर त्यांच्या तोंडाला वास आला. माझ्या तोंडाला आला असता तर संध्याकाळी मी विमानात असतो. साहेबांसाठी कमिटी बसली. ठरलं असं, की त्यांच्या कंपनीच्या गाडीत एक यंत्र बसवायचं. त्यात फुंकलं तरच गाडी सुरू होणार. दारू सापडली तर इंजिन बंद. वाटेत मधेच ते टूं टूं करून पुन्हा फुंकायला लावणार. सहा महिने रेकॉर्ड स्वच्छ राहिलं की यंत्र निघेल, फाईल बंद.

यंत्र बसलं त्याच आठवड्यात साहेबांचा फोन. "उद्यापासून माझ्याबरोबर चल रे. बसचे धक्के कशाला खातोस?"

आम्ही दोघंही अल मुंतझात राहतो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मला इतका आनंद झाला की मी शर्टाला इस्त्री केली. बायको म्हणाली, "सख्ख्या भावानं कधी स्कूटरवर बसवलं नाही तुम्हाला. ह्यो का नेतोय?" डिप्लोमा माझ्याकडे आहे, डोकं तिच्याकडे.

पहिल्या सकाळी साहेब म्हणाले, "जरा फुंक ना. माझं पोट बरं नाही." माझ्या तोंडाला दारू तर सोडाच, सुपारीही माहीत नाही. फुंकलं. चौथ्या दिवसापासून पोटाचं कारण बंद झालं. नुसतं बोटाने यंत्रावर टिचकी मारायचे.

का फुंकलं? दर वर्षी माझ्या नोकरीच्या कराराचं रिन्यूअल साहेबांच्या सहीने होतं. त्या सहीवर आम्हा तिघांचा इथला मुक्काम, मुलीची दहावी. हे एक कारण. दुसरं सांगायला लाज वाटते. पुढची सीट छान होती.

मग शुक्रवारीही बोलावणं. मॉलला, क्लबला, पाहुण्यांना विमानतळावर सोडायला. यंत्राला बायकोनेच नाव ठेवलं: फुंकणी. "चुलीपुढं माझी आई फुंकायची. आता तुमची पाळी." मुलीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "बाबा, सो यू आर हिज स्पेअर लंग्ज?" सगळे हसलो. मीच जास्त हसलो. मग टीव्हीचा आवाज वाढवला.

साहेब स्वतः कधीच फुंकत नव्हते, तरी त्यांची नळी वेगळी; त्या दोन नळ्या मी हायजीनच्या खात्यात टाकल्या होत्या. नळी फेकली त्या दिवशीसुद्धा घरी सांगितलं, "कोविडपासून लोक जपतात." बायको पोळी लाटत राहिली. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला गाव विचारलं होतं. मग विचारलं, "गावात नेमकं कुठे?" मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले. हा 'अच्छा' मी शाळेपासून ऐकतोय. त्याचं वजन मला ग्रॅममध्ये सांगता येतं. पण माणसाला कळून घ्यायचं नसलं की तो बराच काळ अडाणी राहू शकतो. मी राहिलो.

प्लांटचं मोठं काम संपलं म्हणून कंपनीच्या एका कतारी अधिकाऱ्याने मुऐदर भागातल्या आपल्या घरी जेवण दिलं. मी गेलो, कारण माझ्याशिवाय साहेबांना परत येता येत नव्हतं. गाडीतच बसून राहणार होतो. यजमान स्वतः बाहेर आले. "यल्ला, यल्ला!" म्हणत हाताला धरून आत नेलं.

गालिच्यावर दोन परातीएवढी ताटं. भात आणि मटण. प्रत्येक ताटाभोवती सात-आठ माणसं. यजमानांनी मला आपल्या शेजारी बसवलं. समोर साहेब. एक इजिप्शियन, एक पाकिस्तानी, एक गोरा आणि साहेब, सगळ्यांचे हात एकाच भातात. वेगळी प्लेट नाही. सॅनिटायझर नाही. साहेब मजेत जेवत होते. यजमानांनी स्वतःच्या बोटांनी मटण तोडून माझ्यापुढे ठेवलं. मी भातात हात घातला.

साहेबांचा हात थांबला.

माझ्या हाताकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "खलास, आय ॲम फुल." उठले, हात धुतले. दोन मिनिटांनी पाहिलं तर दुसऱ्या ताटावर बसून जेवत होते.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही आला. हात अंगाखाली दबून बधिर होतो ना, तसं सगळं आतून झालं. मी जेवत राहिलो. मटण चांगलं होतं. येताना यंत्राने टूं टूं केलं, साहेबांनी माझी नळी पुढे केली आणि मी फुंकलं. त्यानंतरही तीन आठवडे फुंकलं. गोष्टींतली माणसं ताडकन उठतात. माझे गुडघे तसे नाहीत.

मग यंत्र काढायचा दिवस आला. इंडस्ट्रियल एरियातलं गॅरेज. मेकॅनिक वायरी सोडत होता. सेफ्टीच्या फिलिपिनो मॅडम टॅबलेट बघून म्हणाल्या, "एक्सलंट रेकॉर्ड!" खरं सांगतो, क्षणभर मला अभिमान वाटला.

मॅडमनी कागद काढला. 'सहा महिने यंत्रात मी स्वतःच फुंकलं,' असं साहेबांच्या नावाचं निवेदन. खाली साक्षीदाराची जागा, रोज सोबत येणाऱ्याची. साहेबांनी सही केली, पेन माझ्याकडे धरलं आणि चहा विचारावा तशा हसऱ्या तोंडाने मराठीत म्हणाले, "इथे कर. पुढच्या आठवड्यात तुझं रिन्यूअल माझ्याकडे येतंय, आहे ना लक्षात?"

मी कागद वाचला. सही करण्याआधी वाचायची मला सवय नाही.

"नाही सर."

"काय नाही?"

"हे खोटं आहे. सही करणार नाही."

"वेड लागलं का? इतके दिवस स्वतःच फुंकलंस ना?"

सहा महिन्यांत साहेब एवढं एकच खरं बोलले. मी मॅडमकडे वळलो. माझ्या इंग्रजीला लाजायची ती वेळ नव्हती. "मॅडम, ऑल दिस ब्रेथ इज माइन. एव्हरी डे ही ब्रिंग मी, आय ब्लो."

मेकॅनिक वायर हातात धरून थांबला. मॅडमनी टॅबलेट खाली ठेवला.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "शेवटी जात दाखवलीस."

"तुम्ही रोज दाखवत होता सर. मी आज दाखवली."

मॅडमनी मेकॅनिकला वायरी परत जोडायला सांगितल्या. साहेब गाडीत जाऊन बसले. माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मी बस स्टॉपकडे चालू लागलो. कोपऱ्यापर्यंत तरी इंजिनाचा आवाज आला नव्हता.

बरं वाटलं असं नाही. उन्हात चाललो, घाम आला, इतकंच.

माझं रिन्यूअल आलेलं नाही. बायकोने कपाटावरच्या बॅगा उतरवल्यात. मुलगी विचारते, अकरावी कुठे?

काल एचआरने बोलावलं. तिथला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "लिहा की चुकीच्या समजुतीतून बोललो. प्रकरण मिटेल, नोकरी राहील." विचार करायला दोन दिवस देतो म्हणाला. मी दोन दिवस घेतले नाहीत. उभ्याउभ्याच लिहून दिलं:

'बोललो ते खरं आहे. माझ्या गळ्यावर कुणी सुरी ठेवली नव्हती. नोकरीच्या भीतीने मी स्वतः फुंकलं. ती चूक माझी आहे, तिची शिक्षा द्या, घेईन. विधान मागे घेणार नाही.'

खाली पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.