डिप्लोमावाल्याची अकोल्याची तपासणी

अमरावतीहून निघालो तेव्हा माझ्याजवळ ट्रंकभर ग्रंथसूचीची कोरी कार्डे आणि भरपूर ताठा होता. बी. ए. झाल्यावर मुंबईस वर्षभर राहून आम्ही ग्रंथालयाचा डिप्लोमा घेतला. म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवायला शिकलो. पुस्तक उघडायची वेळ परीक्षेत आली नाही. वऱ्हाडात असले पंडित मोजकेच, म्हणून अकोल्याच्या एका ग्रंथालयाच्या मंडळाने मला तपासणीस बोलावले. जुने ग्रंथपाल नारायणराव ठेवावेत की काढावेत, एवढेच मी सांगायचे होते.

बडनेऱ्यास गाडी बदलताना ट्रंक उघडली नि कार्डे फलाटभर झाली. हमाल म्हणाला, "साहेब, पत्ते खेळाले चालले का? हे तं सारे कोरेच हायेत!"

अकोल्यात उन्हाने डोळे दिपत होते. ग्रंथालयाच्या ओट्यावर नारायणराव पुस्तके मांडत होते.

"ही बाहेर कशाला?"

"आज बाजार हाय नं, साहेब. बोरगावचा पाटील येते, त्याले ढोरांच्या (गुरांच्या) रोगाचं लागते. बाया येतेत, त्याइले कहाण्या."

"मागणी लिहून घेतली?"

"मांगतीन कसे? वाचता येते, पण पुस्तकाचं नाव कोठून सांगतीन?"

"आणि वर्गीकरण?"

"ते मले नाही मालूम जी. कोण काय वाचते, तेवढं मालूम हाय."

तासाभरात ओटा रिकामा झाला. वाचकाला पुस्तक गाठून द्यावे, हे आमच्या प्राध्यापकांनी वर्षभर फळ्यावर लिहिले होते. घडताना मी ते तिथेच पाहिले.

दुपारी त्यांच्या घरी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी. वाढता वाढता त्यांच्या पत्नीने विचारले, "यायची (यांची) नोकरी राहीन नं, भाऊ?"

"माझ्या हातात काय आहे?" मी म्हणालो आणि आणखी एक रोडगा मागून घेतला.

परतीच्या गाडीत अहवाल लिहिला : 'ग्रंथपाल अप्रशिक्षित. मांडणीस शास्त्र नाही.' ओट्याबद्दल एक अक्षर लिहिले नाही. त्या जागेसाठी माझाच अर्ज खिशात होता, हे आजवर कुणाला सांगितले नव्हते.

जागा मिळाली. पहिल्याच बाजारी पाटील आला, रिकाम्या ओट्याकडे पाहत म्हणाला, "नारायणराव मास्तर कोठी गेले?" मी त्याच्यापुढे कार्डांचा खण ओढला. तो पायऱ्या उतरून गेला आणि पुन्हा आला नाही. माझे नंबर मात्र अजून एकही चुकलेले नाहीत.