नवा पत्ता पोचेपर्यंत

घरात त्याला सगळे तातडी म्हणत. ओला रंग वाळलाय का ते बोट लावून बघणारा, लिफ्टचं बटण दाबत राहणारा माणूस हा. आणि नशिबानं धंदा मिळाला तोही असा: गल्लीतल्या दुकानांच्या वेबसाइटी बांधायच्या आणि गिऱ्हाइकांना सांगायचं, “जरा दमानं घ्या, दिसेल.”

आज गिऱ्हाईक होती त्याची सख्खी थोरली बहीण. ताई वाद्यं दुरुस्त करायची. मधे आजारी पडली तेव्हा साइटवर ‘दुकान बंद आहे’ अशी पाटी लावली होती. आता ती पुन्हा उभी राहिली होती आणि संगीतशाळेच्या बाई दुपारी साइट बघून ठरवणार होत्या, शाळेची वाद्यं हिच्याकडे द्यायची की नाही. हे काम मिळालं तरच दुकान चालणार होतं.

जुन्या सर्व्हरचा पासवर्ड ताई केव्हाच विसरलेली. म्हणून तातडीनं नवी साइट दुसऱ्या सर्व्हरवर चढवली, नाव तेच ठेवून त्यामागचा सर्व्हरचा पत्ता तेवढा बदलला. ज्या कॉम्प्युटरांनी जुना पत्ता नुकताच विचारलेला असतो ते काही तास तोच धरून बसतात, हे तो गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगायचा. पण बदलायच्या आधी त्यानं स्वतःच जुनी साइट एकदा उघडून बघितली होती. झालं! त्याच्या पडद्यावरची पाटी हटेना.

“दिसतंय का रे?” ताईनं व्हायोलिनची खुंटी पिळत विचारलं.

“बंदच म्हणतंय. नवा पत्ता पुसतो आणि परत घालतो.”

“पुसलास तर आता पहिल्यांदा विचारतील त्यांनाही तो मिळणार नाही. तूच सांगतोस ना लोकांना?”

“लोकांना सांगतो गं. ते लोक असतात!”

ताईनं खुंटी सोडली. डिंक लावलेला अकॉर्डियनचा भाता उचलून त्याच्या हातात दिला. “दोन्ही हातांनी दाबून धर. वाळेपर्यंत सोडायचा नाही.”

“शिकंजा टांगलाय की तिथं भिंतीला.”

“दिसतोय मला. तू धर.”

तो भाता आवळून बसला, डोळे मात्र पडद्यावर. एवढ्यात फोन वाजला. संगीतशाळेच्या बाई. ताईनं स्पीकर लावला.

“साइट बघितली तुमची. मंगळवारी वाद्यांची गाडी पाठवू का?”

तातडीचा विश्वास बसेना. तो तिथूनच ओरडला, “बाई, वर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवता?”

बाई जरा गडबडल्या, पण वाचलं. “‘मोडलेलं वाजतं करून मिळेल.’ आणि खाली फोटो आहे, एक बाई व्हायोलिनकडे डोळे वटारून बघतायत.”

“पाठवा हो गाडी,” ताई कशीबशी म्हणाली. फोन ठेवला आणि भावाकडे वळली. “तो फोटो लावलास होय रे मेल्या?”

“बदलतो ना! आत्ता बदलतो!”

“भाता सोडू नकोस,” ताईनं पदरानं डोळे पुसले. “फोटो राहू दे आता. तोच बघून काम दिलंय त्यांनी.”