बचावपटूची मान

सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या आमच्या काँडोत एक निवृत्त बल्गेरियन फुटबॉलपटू राहतो. सारी कारकीर्द त्याने बचावफळीत काढली. मला भोचक म्हणा, पण लिफ्टमध्ये मी विचारलंच, "मैदानाची आठवण येते?" त्याने मान वरखाली हलवली. मला भरून आलं. संध्याकाळी बेसनाचे लाडू घेऊन मी त्याचं सांत्वन करायला गेले, तर सगळं ऐकून त्याची बायको हसत सुटली. त्यांच्याकडे मान अशी हलवली की 'नाही'! दुखऱ्या गुडघ्यांचा तो माणूस उलट सुटलो म्हणून खूश होता.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "तुला पुण्याची आठवण येते?" त्याने आपली नेहमीसारखी मान डोलवली, धड 'हो' नाही, धड 'नाही'ही नाही. इथे अर्थ सांगणारी बायको मीच होते, आणि मला तो ठाऊक नव्हता.