मणीसाहेबांची कवळी आणि अधिरसम

"ही आता तुमच्याकडेच ठेवा, डॉक्टर."

मणीसाहेबांनी रुमालात गुंडाळलेली खालची कवळी माझ्या टेबलावर ठेवली. रेल्वेतून रिटायर झालेले तमिळ गृहस्थ, सगळी नोकरी मुलुंडला राहून केलेली. कवळी मीच बसवली होती. सोबत मुलगी होती, राजी. रविवारी तिचा साखरपुडा होता.

"अप्पा जेवायला बसणार नाही म्हणतात," ती म्हणाली. "उपास सांगणार."

"का?"

"परवा घरी अधिरसम खाताना कवळी त्यालाच चिकटून बाहेर आली. रविवारी पानातही तेच असणार. व्याह्यांसमोर झालं तर?"

मी तपासलं. वरची कवळी टाळूला हवेच्या दाबाने धरून राहते. खालचीला तो आधार नसतो, ती नुसती हिरडीवर बसते. मणीसाहेबांचं हिरडीखालचं हाड पार झिजलेलं. तेव्हा, ऐंशीच्या दशकात, हाडात रोवायच्या इम्प्लांटबद्दल आम्ही फक्त मासिकांत वाचायचो.

"उद्या एक अधिरसम घेऊन या," मी म्हणाले. "इथे खाऊन दाखवा."

राजीने डबा आणला. आपल्या अनारशाचंच भावंड. तांदळाचं पीठ गुळाच्या पाकात मुरवून तळलेलं, पण खसखस नाही, आणि चांगलंच चिवट. मणीसाहेबांनी पुढच्या दातांनी तोडून ओढलं. कवळी मागून उचलली गेली.

दोन गोष्टी केल्या. कवळीचं रिलाइन, म्हणजे नवीन माप घेऊन आतून अस्तर. दुसरी सांगायची होती.

"दातांनी तोडू नका. हाताने तुकडे करा. दोन्ही बाजूंना एकेक ठेवून चावा."

"बाळासारखं?" ते चिडले. "पानावर सगळ्यांसमोर?"

"तोंडातून कवळी येण्यापेक्षा बरं ना?"

राजीने डबा पुढे केला. मणीसाहेबांनी एक तुकडा मोडला, बराच वेळ चावला. कवळी जागेवर राहिली. दुसरा तुकडा त्यांनी कोणी न सांगता उचलला.

सोमवारी राजी पेढे घेऊन आली. अप्पा पंगतीत बसले होते. अधिरसम वाढल्यावर थांबले, मग मान खाली घालून तुकडे करायला लागले. समोर राजीचे होणारे सासरे बसले होते. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि स्वतःचंही अधिरसम मोडायला घेतलं.

"त्यांचीही कवळीच आहे," राजी म्हणाली. "आम्हाला माहीतच नव्हतं. तुमचा पत्ता विचारत होते."

ते आले. त्यांचीही खालचीच सैल होती.

त्यानंतर कवळी देताना मी एक प्रश्न आधी विचारायला लागले: सणाला तुमच्याकडे काय करतात? कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, कवळीवाल्यांना उकडलेल्या भाज्यांवर भागवायला सांगा. पण उकडलेल्या भाजीसाठी कवळी कोणी करून घेत नाही.